फिल्टर लावून फायबर लेसर ट्यून करताना: मुंबईतल्या नवख्या प्रकल्पकर्त्यांसाठी

एमएस्सी किंवा एमटेकचा प्रकल्प म्हणून ‘ट्यूनेबल फायबर लेसर’ हाती आला की सुरुवातीचे आठवडे कॅटलॉग चाळण्यातच जातात. फिल्टरचे प्रकार भरमसाट, किमती धडकी भरवणाऱ्या आणि आपल्याला नेमका कुठला लागणार हे सांगायला कुणी नाही. तुम्ही त्या टप्प्यावर असाल तर हा लेख तुमच्यासाठी. एर्बियम फायबरचा (एर्बियम मिसळलेल्या, प्रकाश वाढवणाऱ्या काचेच्या तंतूचा) रिंग लेसर, म्हणजे टोकं जोडून केलेल्या कड्यात प्रकाश फिरवणारा लेसर बांधायचा, तो १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात हव्या त्या जागी नेऊन बसवायचा आणि जमलं तर एकाच वेळी दोन तरंगलांब्यांवर चालवायचा, एवढीच याची हद्द.

एर्बियमच का, असं विचाराल. याचं सामान टेलिकॉमच्या बाजारातून येतं, म्हणून. वर्सोव्याच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या ज्या केबल लागतात, त्यांच्या रिपीटरमध्ये (वाटेत सिग्नल पुन्हा वाढवणाऱ्या पेटीत) हाच फायबर असतो. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हिर यांनी एर्बियमचा ॲम्प्लिफायर दाखवला. नंतर टेलिकॉमने त्याचे सुटे भाग इतके बनवले की ते आज विद्यापीठाच्या बजेटातही बसतात. शिवाय यात आरसे जुळवत बसावं लागत नाही. टायटॅनियम-सफायर लेसरवर हात पोळलेल्या कुणालाही विचारा, हे सुख काय आहे.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फिल्टर लेसरला रंग देत नाही. तो बाकीच्या तरंगलांब्यांचा तोटा वाढवतो आणि ज्या तरंगलांबीचा हिशेब सगळ्यात फायद्यात राहतो, तिच्यावर लेसर आपणहून जाऊन बसतो. ट्यूनिंगच्या बहुतेक अडचणी हा हिशेब न मांडल्याने येतात.

१. फिल्टर आत की बाहेर, ते ठरवा

किरण बाहेर पडल्यावर लावलेला फिल्टर आहे त्यातूनच निवड करतो. आर्गॉन आयन लेसरमधून ४८८ आणि ५१४.५ नॅनोमीटरच्या रेषा एकत्र येत असतील तर बाहेरच्या फिल्टरने त्यातली एक वेगळी काढता येते. पण तुमचा लेसर १५६० वर चालतोय आणि तुम्ही बाहेर १५४५ चा फिल्टर लावला, तर १५४५ चा लेसर मिळत नाही. मीटरचा काटा खाली येतो, बस्स.

फिल्टर रिंगच्या आत असला की गोष्ट बदलते. १५ मीटरच्या रिंगमध्ये प्रकाश सेकंदाला एक कोटीहून जास्त फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत त्याच फिल्टरमधून जातो. त्यामुळे तोट्यातला लहानसा फरकही निकाल ठरवतो. फिल्टरचा पट्टा एक नॅनोमीटर रुंद असला तरी लेसरची रेषा त्याहून कितीतरी अरुंद येते, त्याचं कारण हेच.

हे नीट पटवून घ्यायचं असेल तर पुढे रिंग बांधल्यावर फिल्टर न लावता एक प्रयोग करा. रिंगमध्ये एक बदलता ॲटेन्युएटर (प्रकाश हवा तेवढा कमी करणारा भाग) घाला आणि तोटा हळूहळू वाढवा. तोटा कमी असताना लेसर १५६० च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे चालेल. तोटा वाढवत नेला की तो १५३० च्या दिशेने उडी मारेल. तोटा जास्त म्हणजे लेसर चालायला एर्बियमचे अणू जास्त प्रमाणात उत्तेजित असावे लागतात, आणि तसे ते असले की गेन (फायबरमध्ये प्रकाशाची होणारी वाढ) १५३० पाशी सर्वांत जास्त असतो. म्हणजे फिल्टर नसतानाही तोटाच तरंगलांबी ठरवतो. प्रकल्पाच्या अहवालात हा आलेख असला की परीक्षकांचे निम्मे प्रश्न आधीच संपतात.

२. फिल्टर निवडा

माझं मत आधीच सांगतो. पहिल्याच प्रकल्पाला हाताने फिरवायचा, दोन्ही टोकांना पिगटेल (जोडायला फायबरचा तुकडा) असलेला थिन-फिल्म बँडपास फिल्टर, म्हणजे पातळ थरांचा, ठरावीक पट्टाच सोडणारा फिल्टर घ्या. बाहेर मायक्रोमीटरची मूठ असते, ती फिरवली की आतली काच कलते. दिसायला साधा आहे, पण एकदा जुळवला की महिनाभर हलत नाही.

काच कलवण्यामागचं गणित माहीत हवं, कारण खरेदीतली सगळ्यात महाग चूक इथेच होते. इंटरफेरन्स फिल्टर (थिन-फिल्म फिल्टर त्यातलाच) तिरका केला की त्याचा पट्टा नेहमी कमी तरंगलांबीकडे सरकतो, जास्तीकडे कधीच नाही. नवी तरंगलांबी काढायला कोनाच्या साइनला फिल्टरच्या प्रभावी अपवर्तनांकाने भागा, वर्ग करा, एकातून वजा करा, वर्गमूळ घ्या आणि मूळ तरंगलांबीने गुणा. प्रभावी अपवर्तनांक १.७ धरला तर १५६५ चा फिल्टर ५ अंशांवर साधारण १५६३, १० अंशांवर १५५७ आणि २० अंशांवर १५३३ नॅनोमीटरवर येतो. म्हणजे अख्खा पट्टा हवा असेल तर सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी १५६५ किंवा थोडा वरचा फिल्टर मागवायचा. ‘मधला’ म्हणून १५५० चा मागवलात तर १५५० च्या पलीकडचा भाग कायमचा गेला.

सुटी काच, दोन कॉलिमेटर (फायबरमधला प्रकाश समांतर करणारी भिंगं) आणि फिरतं स्टेज घेऊन हाच फिल्टर स्वतः बांधता येतो. स्वस्त पडतो आणि शिकायलाही मिळतं. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काच कलली की किरण किंचित बाजूला सरकतो, म्हणून मोठ्या कोनांवर दुसरा कॉलिमेटर पुन्हा जुळवावा लागतो. आणि कोन वाढला की दोन ध्रुवणांचे (पोलरायझेशनचे) पट्टे एकमेकांपासून फाकतात, त्यामुळे फिल्टर ध्रुवणाप्रमाणे वेगवेगळा वागायला लागतो. विसेक अंशांच्या पुढे जाऊ नका.

दुसरा पर्याय फायबर फॅब्री-पेरो फिल्टरचा. दोन आरशांमधलं अंतर पायझोने (व्होल्टेज दिल्यावर लांबी बदलणाऱ्या स्फटिकाने) बदलतं, त्यामुळे व्होल्टेज देऊन तरंगलांबी झपाट्याने फिरवता येते. इथे फ्री स्पेक्ट्रल रेंज, म्हणजे शेजारच्या दोन शिखरांमधलं अंतर, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. हा फिल्टर एकच तरंगलांबी सोडत नाही, ठरावीक अंतराने अनेक सोडतो. आरशांमध्ये ३० मायक्रॉन हवा असेल तर १५५० पाशी हे अंतर साधारण ४० नॅनोमीटर येतं, म्हणजे एर्बियमच्या पट्ट्यात एकच शिखर राहतं. दुसऱ्या कुठल्या कामासाठी घेतलेला, १० नॅनोमीटर रेंजचा फिल्टर कपाटात पडून असतो आणि तोच वापरायचा मोह होतो. मग १५३५, १५४५ आणि १५५५ तिघांनाही दार उघडं राहतं, लेसर स्वतःच्या मर्जीने त्यातला एक निवडतो आणि तुम्ही व्होल्टेजला दोष देत बसता.

फायबर ब्रॅग ग्रेटिंग (एकच तरंगलांबी परत फिरवणारा फायबरचा तुकडा) आणि सर्क्युलेटर (परत आलेला प्रकाश वेगळ्या टोकाने बाहेर देणारा भाग) हा तिसरा मार्ग. फायबर ताणून किंवा तापवून तरंगलांबी सरकते. १५५० पाशी तापमानाने अंशाला साधारण ०.०१ नॅनोमीटर, म्हणजे तापवून फार लांब जाता येत नाही. रेषा अरुंद आणि स्थिर हवी असेल तर उत्तम. मोठ्या पट्ट्यात फिरायचं असेल तर वाट सोडा.

३. सामान आणि कागद

सामानाची यादी अशी:

- ९८० नॅनोमीटरचा पंप डायोड (एर्बियमला ऊर्जा पुरवणारा लेसर), १४ पायांच्या बटरफ्लाय पॅकेजमध्ये, १०० ते २०० मिलिवॅटचा (बाजारात ९७४ किंवा ९७६ लिहिलेले मिळतात, तेही चालतात)
- त्याचा करंट ड्रायव्हर आणि टेम्परेचर कंट्रोलर
- ९८०/१५५० चा डब्ल्यूडीएम कपलर (दोन्ही तरंगलांब्या एका फायबरमध्ये आणणारा)
- एर्बियम फायबर
- १५५० चा आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा)
- तीन पंख्यांचा पोलरायझेशन कंट्रोलर
- फिल्टर
- ९०:१० कपलर (प्रकाश ९० आणि १० टक्क्यांत वाटणारा). दोन तरंगलांब्यांसाठी वरून एक किंवा दोन ५०:५० कपलर
- बदलते ॲटेन्युएटर, पॅचकॉर्ड, कनेक्टर साफ करायचं पेन, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- पॉवर मीटर आणि ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या तरंगलांबीला किती पॉवर ते दाखवणारं यंत्र)

शेवटची वस्तू विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, तिची वेळ मागून घ्या. मुंबईत लेसर किंवा फायबरवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा पवईपासून कुलाब्यापर्यंत आहेत. तुमच्या मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र, मोजणीला लागणारे तास आणि तुमच्या आउटपुटची पॉवर एवढं स्पष्ट लिहून पाठवलं तर बहुतेकदा काम होतं. पॉवर नक्की लिहा. ज्याचं यंत्र आहे त्याला पहिली भीती इनपुट जळण्याची असते.

एर्बियम फायबरची लांबी डेटाशीटवरच्या शोषणावरून ठरवा. १५३० पाशी मीटरला पाच-सहा डीबी (डेसिबल) शोषण असेल तर सात ते दहा मीटर पुरतो. एर्बियम जास्त मिसळलेला फायबर एक-दोन मीटरच लागतो. ‘असू द्या जरा जास्त’ असं म्हणून लांबी वाढवू नका. पंप जिथवर पोहोचत नाही तो तुकडा १५३० चा प्रकाश गिळतो, मग लेसर लांब तरंगलांबीकडे ढकलला जातो आणि कधी कधी आपोआप धडधडायलाही लागतो.

कागदांबद्दल थोडक्यात. विभागाचं मागणीपत्र, तीन कोटेशन आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता सहसा लागतो. एकच कंपनी बनवत असेल तर प्रोप्रायटरी सर्टिफिकेट लागतं. संस्था सरकारी असेल तर वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर उपलब्ध नसल्याचा अहवालही जोडावा लागू शकतो. काही परदेशी कंपन्या लेसर डायोड पाठवण्याआधी अंतिम वापराचं घोषणापत्र मागतात. ते संस्थेच्या लेटरहेडवर आधीच तयार ठेवा, नाहीतर ऑर्डर तिथेच अडकून पडते. आणि प्रत्येक भागासोबत येणारा टेस्ट रिपोर्ट खोक्यासकट फेकून देऊ नका. इन्सर्शन लॉसचे (तो भाग मध्ये घातल्याने होणाऱ्या तोट्याचे) खरे आकडे त्यावरच असतात आणि तोट्याचा हिशेब त्यावरूनच मांडायचा आहे.

फिल्टरचं कोटेशन मागताना हे सगळं लिहून द्या: ट्यूनिंगचा पट्टा, ३ डीबीवरची (पॉवर निम्मी होते तिथली) रुंदी, इन्सर्शन लॉस, ध्रुवणावर अवलंबून असलेला लॉस, कमाल पॉवर, फायबरचा प्रकार आणि कनेक्टरचा प्रकार. कमाल पॉवर विचारताना लक्षात ठेवा की ९०:१० कपलरमधून १० टक्के बाहेर येत असेल तर रिंगच्या आत, कपलरच्या तोंडाशी, आउटपुटच्या दहापट पॉवर असते. फिल्टरला ती सोसायची आहे.

४. खरेदी आणि स्प्लायसिंग

पॅचकॉर्ड, ॲडॉप्टर, पिगटेल, क्लीव्हरची (फायबर सरळ कापणाऱ्या हत्याराची) पाती हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जा आणि फायबरचं सामान ठेवणारं दुकान विचारा. फक्त हिरव्या-निळ्याकडे लक्ष द्या. निळा कनेक्टर म्हणजे सपाट घासलेला, पीसी. हिरवा म्हणजे आठ अंशांत तिरका घासलेला, एपीसी. हिरव्याला निळा जोडला तर मध्ये फट राहते, तोटा वाढतो आणि टोकावर चरे पडले तर दोन्ही वाया. संपूर्ण रिंग हिरव्यातच ठेवा. निळ्याच्या टोकावरून परत फिरणारा थोडासा प्रकाशही लेसरला दुसरी वाट दाखवतो आणि तुम्ही न मागितलेली शिखरं स्पेक्ट्रममध्ये उभी राहतात.

एर्बियम फायबर, डब्ल्यूडीएम, आयसोलेटर आणि पंप डायोड मात्र दुकानात शोधू नका. ते ऑर्डरनेच येतात.

स्प्लायसिंगसाठी मुंबईत एक सोय आहे, तिचा फायदा कमी जण घेतात. इमारतींमध्ये ब्रॉडबँड टाकणाऱ्या मुलांकडे फ्युजन स्प्लायसर (फायबरची टोकं वितळवून जोडणारं यंत्र) असतो आणि हात इतका बसलेला असतो की आपल्याला क्लीव्ह करायला लागतो तेवढ्या वेळात त्यांचा जोड पूर्ण होतो. साध्या सिंगल-मोड फायबरचे जोड, म्हणजे आयसोलेटर, कपलर, फिल्टर यांचे, त्यांच्याकडून बिनधास्त करून घ्या. ‘दादा, लॉस ०.०५ च्या खाली पाहिजे’ एवढं सांगितलं की ते परत परत करून देतात. एर्बियम फायबरचा जोड मात्र त्यांच्या यंत्रावर टाकू नका. त्या फायबरचा गाभा लहान असतो आणि त्यांचं यंत्र बरेचदा बाहेरच्या काचेवरून जुळवणी करतं. हा जोड गाभा बघून जुळवणाऱ्या स्प्लायसरवर, त्या फायबरसाठीचा प्रोग्रॅम निवडून करायचा. आणि स्क्रीनवर दिसणारा लॉस हा यंत्राचा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. मोजमाप पॉवर मीटरवर करा.

५. पंप सुरू करण्याआधी

९८० नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याच्या भिंगातून थेट पडद्यावर जाऊन पोहोचतो. पापणी मिटण्याची प्रतिक्रियासुद्धा येत नाही, कारण काही दिसलेलंच नसतं. १५५० चा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो म्हणून तुलनेने कमी धोक्याचा, पण तोही निरुपद्रवी नाही.

फायबरचं टोक डोळ्यासमोर धरू नका. कनेक्टर मायक्रोस्कोपखाली बघायचा असेल तर पंपाचा ड्रायव्हर बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि मग बघा. भिंगातून डोळ्याने बघण्याऐवजी स्क्रीनवाला प्रोब मिळाला तर तोच वापरा. दोन्ही तरंगलांब्यांना चालणारा चष्मा घ्या. चष्म्यावर तरंगलांबी आणि ओडी (तो प्रकाश किती अडवतो याचा आकडा) छापलेली असते, ती वाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ९८० कधी कधी जांभळट दिसतो. दिसला नाही म्हणजे प्रकाश नाही, असं मात्र धरू नका.

कनेक्टर सुटा करण्याआधी पंप बंद, जोडण्याआधी सफाई, जोडल्यावर पंप सुरू. हा क्रम मोडला तर टोकावरची धूळ जळून गाभ्यावर चिकटते आणि तो कनेक्टर गेला.

६. रिंग टप्प्याटप्प्याने उभी करा

सगळं एकदम जोडून ‘लेसर येतोय का’ बघायची घाई होते. येत नसेल तर मग कुठे बिघडलंय हे शोधायला दिवस जातात. त्यापेक्षा असं करा.

आधी फक्त पंप आणि डब्ल्यूडीएम. डब्ल्यूडीएमला तीन पाय असतात: ९८० चा, १५५० चा आणि सामाईक. रंगांवर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात. टेस्ट रिपोर्टवरचा तक्ता बघा. सामाईक टोकातून पंपाची किती पॉवर येते ते मोजा. मीटरची तरंगलांबी ९८० वर लावायला विसरलात तर आकडा साफ चुकीचा येतो.

मग एर्बियम फायबर जोडा आणि खोलीतला दिवा मालवा. पंप पोहोचत असेल तर फायबर मंद हिरवा चमकताना दिसतो. एर्बियमचा अणू पंपाचे दोन फोटॉन एकापाठोपाठ घेऊन वर चढतो आणि हिरवा प्रकाश टाकतो. वेटोळ्याच्या सुरुवातीला हिरवा ठळक आणि शेवटाकडे फिका होत जातो, यावरून लांबीचा अंदाजही येतो. शेवटचे दोन-तीन मीटर काळेच असतील तर फायबर जास्त आहे.

आता फायबरच्या दुसऱ्या टोकाला आयसोलेटर, बाण रिंगच्या दिशेने. रिंग अजून उघडीच ठेवा आणि स्पेक्ट्रम बघा. १५३० पाशी टेकाड आणि १५६० पर्यंत पसरलेलं पठार दिसेल. हा एर्बियमचा आपसूक निघणारा, वाढवलेला प्रकाश. याची प्रत जपून ठेवा. पुढे काही बिघडलं की तुलनेला हाच कामी येतो.

त्यानंतर कपलर जोडून फिल्टरशिवाय रिंग पूर्ण करा. ९० टक्क्यांचं टोक आत, म्हणजे डब्ल्यूडीएमच्या १५५० च्या पायाला, १० टक्क्यांचं बाहेर. पंप हळूहळू वाढवा. एका ठिकाणी आउटपुट एकदम चढायला लागतं, तो थ्रेशोल्ड. जोड नीट असतील तर तो काही दशक मिलिवॅटच्या आत येतो. पंप १०० मिलिवॅटवर नेल्यावर बाहेर काही मिलिवॅट मिळायला हवेत. मायक्रोवॅटच मिळत असतील तर पुढे जाऊ नका, आधी जोड तपासा. तोट्याचा ॲटेन्युएटरवाला प्रयोग करायची वेळ हीच.

फिल्टर सगळ्यात शेवटी: आयसोलेटर, पोलरायझेशन कंट्रोलर, फिल्टर, कपलर या क्रमाने. मूठ मध्यावर ठेवा, म्हणजे १५५० च्या आसपास. थ्रेशोल्ड थोडा वाढेल, ते अपेक्षित आहे. स्पेक्ट्रममध्ये आधीचं पठार खाली दबलेलं आणि त्यातून एक सुईसारखं शिखर वर आलेलं दिसलं की तुमचा ट्यूनेबल लेसर तयार झाला.

७. ट्यूनिंगचा तक्ता करा

मूठ किंवा व्होल्टेज, तरंगलांबी, पॉवर आणि शिखर पठारापेक्षा किती डीबी वर आहे, असे चार रकाने. पट्टा दोन-दोन नॅनोमीटरने पार करा.

नेहमी एकाच दिशेने जा. पायझोमध्ये आणि स्क्रूमध्ये, दोन्हींत मागे फिरताना ढिलाई येते. १५४० ला वरून आलात की खालून, यावर आकडा बदलतो. पुढे गेलात तर बरंच मागे जा आणि परत त्याच दिशेने या.

टोकांना, विशेषतः १५६५ च्या पलीकडे आणि १५३० च्या अलीकडे, फिल्टर तुम्ही सांगाल तिथे आहे पण लेसर दुसरीकडेच, असं होईल. पुन्हा तोच हिशेब. तिथे गेन इतका कमी असतो की फिल्टरने अडवलेली १५६० ची तरंगलांबीसुद्धा तोटा सोसून फायद्यात राहते. पंप वाढवून बघा. फिल्टरची अडवणूक कमी पडत असेल तर तसाच दुसरा फिल्टर मालिकेत लावावा लागेल. नाहीतर पट्टा जिथे संपतो तिथे संपला म्हणून अहवालात लिहा, त्यात कमीपणा नाही.

पॉवर आपोआप वरखाली होत असेल तर छताकडे बघा. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा सुटा फायबर हलतो, त्यातलं ध्रुवण बदलतं आणि तोटा बदलतो. रिंगचा प्रत्येक वेढा टेपने टेबलाला चिकटवा, पंख्याऐवजी एसी लावा आणि मग कंट्रोलरचे पंखे फिरवून पॉवर जास्तीत जास्त करा.

आणखी एक. असा लेसर एकाच वारंवारतेचा आहे, असा दावा करू नका. १५ मीटरच्या रिंगमध्ये शेजारच्या दोन मोडमधलं (रिंगमध्ये बसणाऱ्या दोन वारंवारतांमधलं) अंतर सुमारे १३ ते १४ मेगाहर्ट्झ असतं आणि १ नॅनोमीटरचा फिल्टर १५५० पाशी साधारण १२५ गिगाहर्ट्झ रुंद. म्हणजे त्या एका शिखराखाली हजारो मोड मावतात आणि लेसर त्यांच्यात उड्या मारत असतो. स्पेक्ट्रम ॲनालायझरला ते दिसत नाही, तोंडी परीक्षेत विचारलं मात्र जातं.

८. एकाच वेळी दोन तरंगलांब्या

आता खरी कसोटी. दोन शिखरं सोडणारा फिल्टर लावला की दोन लेसर मिळतील असं वाटतं. मिळतो एकच, तोही कधी हा, कधी तो.

खोलीच्या तापमानाला सगळे एर्बियम अणू जवळजवळ एकसारखे वागतात, म्हणजे दोन्ही तरंगलांब्या एकाच साठ्यातून ऊर्जा उपसतात. चाळीच्या गच्चीवरच्या सामाईक टाकीसारखं आहे हे. तळमजल्यावरचा नळ पूर्ण उघडा असेल तर तिसऱ्या मजल्यावर टिपूसही येत नाही. वरच्याला पाणी हवं असेल तर खालचा नळ आवळायला लागतो. म्हणून जी तरंगलांबी वरचढ आहे तिचा तोटा वाढवायचा, दोन्ही बरोबरीला येईपर्यंत.

हे करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग असा: ५०:५० कपलरने रिंग दोन फाट्यांत फोडा, प्रत्येक फाट्यात एक फिल्टर आणि एक ॲटेन्युएटर, आणि दुसऱ्या ५०:५० कपलरने पुन्हा एकत्र. दोन कपलर मिळून साधारण ६ डीबी तोटा होतो, त्यामुळे पंप जास्त लागतो. वरचढ फाट्यातला ॲटेन्युएटर अगदी थोडा थोडा आवळा. दोन तरंगलांब्या एकमेकींपासून जेवढ्या दूर, तेवढं सोपं. एक-दोन नॅनोमीटरच्या अंतरावर दोघींना एकत्र टिकवणं या पद्धतीने फार कटकटीचं होतं. पैसे असतील तर एर्बियम फायबरच दोन घ्या, प्रत्येक फाट्यात एक, आणि प्रत्येकाला पंप. टाकीच वेगळी झाली की भांडण मिटतं.

एकाच फिल्टरने अनेक शिखरं हवी असतील तर सॅग्नॅक लूप करा. ५०:५० कपलरची एका बाजूची दोन टोकं एकमेकांना जोडा आणि मध्ये पोलरायझेशन कंट्रोलर व पँडा प्रकारचा ध्रुवण राखणारा फायबर घाला. त्यातून समान अंतरावरची शिखरं निघतात. शिखरांमधलं अंतर तरंगलांबीच्या वर्गाला द्विअपवर्तन (दोन ध्रुवणांच्या अपवर्तनांकांतला फरक) आणि लांबी यांच्या गुणाकाराने भागून येतं. नेहमीच्या पँडा फायबरला ६ मीटर घेतले तर अंतर सुमारे १ नॅनोमीटर, ३ मीटर घेतले तर सुमारे २ नॅनोमीटर. कंट्रोलर फिरवला की शिखरं सरकतात. स्वस्त, सुंदर आणि लहरी. दुपारी दिसलेली चार शिखरं संध्याकाळी दोन होतात.

तापमान खूप खाली नेलं की अणूंचा एकसारखेपणा मोडतो, म्हणून एर्बियम फायबर द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला बुडवून अनेक तरंगलांब्या टिकवता येतात. प्रयोगशाळेत द्रव नायट्रोजन नियमित येत असेल तरच या वाटेला जा. दुसरी वाट म्हणजे एर्बियमऐवजी सेमीकंडक्टर ऑप्टिकल ॲम्प्लिफायर वापरणं. त्यात ही रस्सीखेच बरीच कमी असते.

सर्वांत मोठा सापळा मोजमापात आहे. स्पेक्ट्रम ॲनालायझर पट्टा सावकाश चाळतो. दोन तरंगलांब्या आळीपाळीने पेटत-विझत असतील तरी तो दोन्ही शिखरं एकाच आलेखात दाखवतो आणि आपण खूश. खात्री करायची तर आउटपुट दुसऱ्या फिल्टरने वेगळं करा, प्रत्येक तरंगलांबी फोटोडायोडवर घ्या आणि दोन्ही एकाच ऑसिलोस्कोपवर बघा. एक चढते तेव्हा दुसरी उतरत असेल तर तुमच्याकडे दोन तरंगलांब्या आहेत, पण एकाच वेळी नाहीत. हे तपासल्याशिवाय पोस्टरवर ‘एकाच वेळी’ लिहू नका.

९. जून ते सप्टेंबर

पंप डायोडचा टेम्परेचर कंट्रोलर सहसा २५ अंशांवर लावतात. मुंबईच्या पावसाळ्यात दवबिंदू त्याच्या आसपासच घुटमळतो. एसी चालू असेपर्यंत ठीक. रात्री एसी बंद करून कंट्रोलर मात्र २० अंशांवर चालू ठेवून घरी गेलात तर सकाळी डायोडच्या खालच्या माउंटवर आणि पायांवर पाणी. म्हणून जाताना आधी पंपाचा करंट शून्यावर, मग ड्रायव्हर, मग कंट्रोलर, सगळ्यात शेवटी एसी. येताना उलट क्रम आणि एसी लावून अर्धा तास थांबणं.

सुट्या काचेचा फिल्टर वापरत असाल तर तो सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. जुन्या, मऊ कोटिंगच्या फिल्टरमध्ये ओलावा शिरला की पट्टा सरकतो आणि कडेने कोटिंग सोलवटायला लागतं. नव्या, स्पटर केलेल्या कोटिंगला हा त्रास होत नाही, पण दमट हवेत काचेवर बुरशी धरते ती कुठलंही कोटिंग बघत नाही. न वापरातल्या प्रत्येक कनेक्टरला टोपी लावा आणि सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये भाजून परत वापरा.